रविवारची भक्ती, सोमवारचं ऑफिस: ख्रिस्ती नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जय ख्रिस्त. मी 31 वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत नोकरी केली. निवृत्त झाल्यावर आमच्या मंडळीतली (चर्चमधली) नोकरी करणारी मुलंमुली रविवारी भक्तीनंतर अडवून प्रश्न विचारू लागली. मग महिन्यातून एकदा चहा घेत बसायचं ठरलं. त्या बैठकांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे लिहून काढले आहेत. मी पाळक (चर्चची धर्मगुरू) नाही आणि वकीलही नाही. कॅशबुक, व्हाउचर आणि मस्टर यांच्यामध्ये विश्वास सांभाळताना जे शिकले, जिथे चुकले, तेवढंच लिहिते.

कामाच्या ठिकाणी विश्वास जगायचा म्हणजे नेमकं काय करायचं? टेबलावर वचन लावायचं? प्रार्थना करायची?

लावा, करा. पण सुरुवात कामापासून करा. दानीएल बाबेलमध्ये राजाच्या नोकरीत होता, म्हणजे परक्या सरकारात. त्याच्यावर जळणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याच्या कारभारात चूक शोधली, पण एकही सापडली नाही (दानीएल 6:4). प्रार्थनेवरून त्याला पकडलं ते नंतर. त्याआधी लोकांनी त्याचे हिशेब तपासलेले होते, हे आपण प्रवचनात फारसं ऐकत नाही.

आपल्याकडे मला पंडिता रमाबाई आठवतात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते छापण्याचं काम तिथल्याच स्त्रियांनी केलं. यातल्या किती तरी जणी दुष्काळातून आलेल्या होत्या. त्या खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवायला शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई वारल्या, तोवर त्यांची शेवटची वर्षं याच कामात गेली. शब्द चुकू नये, खिळा उलटा लागू नये म्हणून केलेली ती मेहनत मला उपासनेइतकीच पवित्र वाटते. तुमच्या एक्सेल शीटमधला आकडा बरोबर असणं, पेशंटच्या चार्टवर औषधाची वेळ खरी लिहिलेली असणं, हे त्याच जातीचं काम आहे.

मी लाच घेत नाही. पण माझं काम अडलं की द्यावी लागते. द्यावी का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि विचारणारा बहुतेक वेळा आधीच देऊन आलेला असतो.

आधी कायदा. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम 1988 चा. 2018 साली त्यात दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून लाच देणारा थेट गुन्हेगार ठरतो. एक वाट ठेवलेली आहे: जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवायचं. आधीच तक्रार करून सापळ्यासाठी पैसे दिले तर तो गुन्हा होत नाही. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल-फ्री क्रमांक 1064 आहे. तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. गरज पडेल तेव्हा शोधत बसण्याइतकं डोकं जागेवर नसतं.

पण तक्रार ही शेवटची पायरी. त्याआधीच्या पायऱ्या आपण चढतच नाही, कारण तोंडी विचारून तोंडी नकार घेऊन परत येतो. अर्ज लेखी द्या. पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते. ती उलटली तर अपील करता येतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. मी टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे म्हणून सांगते, पोच असलेला अर्ज आणि पोच नसलेला अर्ज यांच्याकडे बाबू वेगळ्या नजरेने पाहतो.

तरीही उशीर होईल, हे मी लपवणार नाही. वडील गेल्यावर जमिनीच्या वारसनोंदीचा फेरफार व्हायला आम्हाला 14 महिने लागले. शेजारच्या गटाचा दोन महिन्यांत झाला. भाऊ माझ्यावर चिडला, बोलणं तुटलं, पुढच्या नाताळला तो घरी आला नाही. फेरफार झाला आणि भाऊही नंतर आला, पण ते वर्ष कठीण गेलं. प्रामाणिकपणाची किंमत एकट्याने मोजता येत नाही, घरचेही ती मोजतात. म्हणून निर्णय घरच्यांशी बोलून घ्या. मी तेव्हा बोलले नव्हते, फक्त सांगितलं होतं.

टेबलाखालचे पैसे सगळे वाटून घेतात. मी नको म्हटलं की माझ्यावरच संशय. काय करू?

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि त्यांनी विचारलं, आम्ही काय करावं? त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितलं नाही. ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका, म्हणाला. शिपायांना म्हणाला, दांडगाई करू नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधान माना (लूक 3:12–14). मला हे उत्तर फार मोठं वाटतं. त्याच खुर्चीवर बसून वेगळं वागता येतं, असा त्यात विश्वास आहे.

शाखेत पहिल्या आठवड्यातच सांगा. “माझा वाटा काढू नका,” एवढं. का, ते विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर प्रवचन देऊ नका. सहा महिन्यांनी नकार दिला की लोकांना वाटतं, याला वाटा कमी पडतोय. आणि नकार दिल्यावर माणसांना तोडू नका. ज्यांचे पैसे मी घेतले नाहीत त्यांचे डबे मी 31 वर्षं खाल्ले. एकाच्या मुलीच्या ॲडमिशनचे फॉर्म मी भरले. आपण स्वच्छ आहोत म्हणून वेगळ्या टेबलावर जेवणारा माणूस लोकांना आवडत नाही, आणि प्रभू येशू तर जकातदारांच्या घरी जेवला.

“मग त्यांची तक्रार करायची का?” असंही विचारतात. लोकांचं नुकसान होत असेल, गरिबाचं अनुदान कापलं जात असेल, औषधांत घोळ असेल तर हो, लेखी आणि पुराव्यासह. प्रत्येक चहापाण्याची नोंद ठेवत फिरणं मात्र मला तुमचं काम वाटत नाही. या उत्तरावर आमच्यातच वाद आहेत.

साहेब खोट्या कागदावर सही मागतात. नकार दिला तर बदली, सीआर (गोपनीय अहवाल) खराब. मग?

इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागेल.

नोकरीच्या सहाव्या वर्षी, न झालेला दौरा झाला असं दाखवणाऱ्या एका प्रवासभत्त्याच्या बिलावर मी पडताळणीची सही केली. वरच्यांनी सांगितलं होतं, शाखेत सगळे करायचे आणि माझं बाळ आठ महिन्यांचं होतं. बदली नको होती. रक्कम 1,840 रुपये. दोन बिलं झाली, मग तिसरं आलं, कारण सही करणारी बाई म्हणून माझं नाव झालं होतं. खोट्या सहीचं हेच असतं, पुढची सही मागणाऱ्याला विचारायचीसुद्धा गरज वाटत नाही. तिसऱ्या बिलाच्या वेळी मी टिपणी लिहिली: “दौऱ्याची नोंदवही व वाहनाचे लॉगबुक जोडावे, त्यानंतर पडताळणी करता येईल.” एका ओळीची, नियमातली, शांत टिपणी. बिल परत आलं नाही. चार महिन्यांनी माझी बदली मात्र झाली.

म्हणून माझा सल्ला असा. तोंडी “नाही” म्हणण्यापेक्षा फाईलवर लिहा. “हे चुकीचं आहे” असं लिहिलं तर भांडण होतं. “अमुक कागद जोडावा” असं लिहिलं की नियम बोलतो, तुम्ही बोलत नाही. तोंडी आदेश असेल तर नम्रपणे लेखी मागा: “साहेब, दोन ओळी लिहून द्या, ऑडिटला लागतील.” बहुतेक वेळा त्या दोन ओळी येत नाहीत आणि विषय तिथेच थांबतो. खाजगी कंपनीत हेच ईमेलने करा: “आपल्या बोलण्यानुसार मी असं असं समजले, बरोबर आहे ना?”

होय तर होय, नाही तर नाही, असं प्रभूने डोंगरावर शिकवलं. लेखा शाखेत तेच शाईने करावं लागतं.

वरच्या पैशातून दशांश (देवासाठीचा दहावा भाग) दिला, चर्चच्या बांधकामाला दिला, तर तो पैसा शुद्ध होतो का?

नाही. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाने परत फेकलेली तीस नाणी मुख्य याजकांनीसुद्धा दानकोशात घातली नाहीत. जक्कय या जकातदाराने काय केलं ते पाहा: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं नाडून घेतलं त्याला चौपट परत. दान गरिबांना, परतफेड ज्याची त्याला. मंडळीच्या पंचांनाही माझं सांगणं आहे. मोठ्या देणगीदाराच्या नावाची फरशी बसवण्याआधी दोन मिनिटं विचार करा. आपण तो विचार करत नाही, हे आपलं पाप आहे.

ऑफिसात गणपती बसतो, दसऱ्याला यंत्रपूजा असते, सत्यनारायण असतो. वर्गणी द्यावी का? प्रसाद घ्यावा का? आरतीला उभं राहावं का?

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न दरवर्षी भेटतो आणि घराघरात याची वेगवेगळी उत्तरं आहेत. मी माझं सांगते.

सीरियाचा सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा होऊन इस्राएलच्या देवावर विश्वास ठेवू लागला, तेव्हा संदेष्टा अलीशाला म्हणाला, माझा धनी रिम्मोन दैवताच्या देवळात जातो, माझ्या हाताचा आधार घेतो, मलाही तिथे वाकावं लागतं, त्याची मला क्षमा व्हावी. अलीशाने त्याला नियम सांगितला नाही. “शांतीने जा,” म्हणाला (2 राजे 5). या एका वाक्यावर मी अनेक गणपती काढले आहेत. नामानाचं मन कुठे आहे ते संदेष्ट्याला माहीत होतं.

प्रसादाबद्दल प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात, आठव्या आणि दहाव्या अध्यायात, जे लिहिलं ते सगळं एका बैठकीत वाचा, सुटं वचन उचलू नका. मूर्ती काही नाही हेही तो म्हणतो, आणि तुझ्या खाण्याने दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लागत असेल तर खाऊ नको हेही म्हणतो. माझ्या शेजारी नुकताच विश्वासात आलेला एक तरुण बसायचा. तो बघतोय हे माहीत असल्यामुळे मी ती तीन वर्षं प्रसाद घेतला नाही. त्याआधी आणि नंतर, प्रेमाने घरून केलेला शिरा कुणी हातावर ठेवला तर देवाचे आभार मानून खाल्ला. काहींना हे पटणार नाही. त्यांनी घेऊ नये, आणि घेणाऱ्याला नावं ठेवू नयेत. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाचा सगळा रोख तोच आहे.

आरती मी म्हणत नव्हते, हात जोडत नव्हते. खुर्च्या लावणं, पाहुण्यांना पाणी देणं, नंतर भांडी आवरणं हे सगळं करत होते. वर्गणी मागायला आले की मी जेवणाच्या खर्चात माझा भाग द्यायची आणि तसं सांगायची. मात्र हे बोलणं पूजेच्या दिवशी सगळ्यांसमोर करू नका. आठवडाभर आधी, शाखाप्रमुखाला एकट्यात गाठून, दोन वाक्यांत सांगा: “मी पूजेला बसणार नाही, माझ्या श्रद्धेमुळे. बाकी काय काम आहे ते मला द्या.” 31 वर्षांत एकदाच कुणी कडू बोललं.

आणि नाताळात डबा भरून फराळ न्या. आपल्याकडच्या करंज्या, शंकरपाळी, चकल्या आणि त्यांच्या दिवाळीतल्या, एकाच सोऱ्यातून आणि एकाच कातण्याने निघालेल्या आहेत.

कागदावर मी हिंदू महार किंवा मांग आहे, रविवारी चर्चमध्ये असतो. नोकरी आरक्षणातून लागली. हे खोटं आहे का?

हा प्रश्न कुणी सगळ्यांसमोर विचारत नाही. बैठक संपल्यावर, चपला घालताना विचारतात. म्हणून मी तो इथे उघड लिहिते.

आधी अन्याय कुणाचा ते स्पष्ट असावं. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट त्यांच्या आदेशात नाही. नगर, जालना, औरंगाबादकडच्या गावांमध्ये आपल्या आजोबांनी ख्रिस्त स्वीकारला तेव्हा वस्ती बदलली नाही, विहीर बदलली नाही, लोकांची नजर बदलली नाही. जात गेली ती फक्त सवलतीच्या कागदावरून. हा कायदा बदलावा असं मला ठामपणे वाटतं. 2022 मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर आयोग नेमला.

पण कायदा आज जो आहे तो आहे. 26 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतल्या एका बाप्तिस्मा झालेल्या स्त्रीचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. तोही क्लार्कच्या नोकरीसाठीच होता. ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगणं ही संविधानाशी फसवणूक आहे, असं न्यायालयाने म्हटलं. तुमच्या प्रकरणात नेमकं काय लागू होतं हे चांगल्या वकिलाला भेटूनच ठरवा. चर्चच्या आवारातल्या ऐकीव सल्ल्यावर काहीही करू नका.

माझं मत विचाराल तर, भुकेल्या घरातल्या बापाने मुलाच्या दाखल्यावर जे लिहिलं त्याचा दगड मी त्या मुलावर उचलणार नाही. माझ्या नात्यात अशी माणसं आहेत आणि त्यांच्या प्रार्थनेवर मी आजारपणात जगले आहे. पण तुमच्या मुलांचा दाखला आता तुमच्या हातात आहे. नव्या पिढीसाठी नवं खोटं लिहू नका. चर्चनेही “खरं लिहा” एवढं सांगून हात झटकू नयेत. खरं लिहिणाऱ्या मुलीची फी कोण भरणार, तिच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासचं काय, याचं उत्तर मंडळीच्या अंदाजपत्रकात असायला हवं. रंग आणि माईक नंतर घेता येतील.

सहकाऱ्यांना प्रभूविषयी सांगावं का?

विचारलं तर सांगा, सौम्यतेने आणि आदराने (1 पेत्र 3:15). संविधानाच्या अनुच्छेद 25 ने विवेकाचं आणि धर्म पाळण्याचं, सांगण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही. माझी स्वतःची एक मर्यादा होती: ज्याची रजा, पगारवाढ किंवा सीआर माझ्या हातात आहे त्याच्याशी विश्वासाचा विषय मी स्वतःहून काढला नाही. तो हो म्हणाला तर मनापासून म्हणाला की माझ्या सहीसाठी, हे मला कधीच कळलं नसतं. आणि पगाराच्या वेळेत पत्रकं वाटू नका, ती वेळ तुम्ही विकलेली आहे.

रविवारी ड्युटी लागते. काय करावं?

31 मार्च 2024 ला ईस्टर होता आणि त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपत होतं. सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार रविवार असूनही उघड्या होत्या. आमच्या मंडळीतले दोघं पहाटेची भक्ती करून थेट शाखेत गेले. मला त्यात काही कमी वाटलं नाही. मिरजेचं वानलेस मिशन हॉस्पिटल 1894 मध्ये सुरू झालं. मिशन हॉस्पिटलांत किती मराठी ख्रिस्ती नर्सेसनी रविवार वॉर्डात काढले असतील. शब्बाथ (विश्रांतीच्या) दिवशी विहिरीत पडलेला बैल काढणारच ना, असं प्रभूने विचारलंच आहे. एवढंच पाहा की सुट्टी आपण आळीपाळीने मागतोय, दर रविवार दुसऱ्यावर ढकलत नाही. सहकारी दिवाळीत सुट्टी घेतील तेव्हा तुम्ही उभे राहा.

आयटीत आहे. टाइमशीटमध्ये तास वाढवायला सांगतात, रेझ्युमेत अनुभव वाढवायला सांगतात. सगळेच करतात.

खोटी तराजू परमेश्वराला वीट आणते, असं नीतिसूत्रांत आहे. तास हे तुमचं वजन-माप आहे. बनावट अनुभवपत्रावर लागलेली नोकरी पार्श्वभूमी तपासणीत जाते हे व्यवहारातलं कारण झालं. पण तपासणी नसती तरी उत्तर तेच असतं.

मी स्वतः मालक आहे. छोटं वर्कशॉप, सहा कामगार.

मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको, असा नियमशास्त्राचा आदेश आहे (लेवीय 19:13). पगाराची तारीख पाळा. किमान वेतन द्या. पगाराच्या पावतीवर सही एका आकड्याची आणि हातात दुसरा, असं करू नका. आणि एक घरातली गोष्ट. आपण सहकुटुंब चर्चला जातो म्हणून कामवाल्या ताईंना रविवारी जास्तीचं काम सांगतो. त्यांनाही शब्बाथ आहे. सातव्या दिवसाच्या आज्ञेत दास आणि दासी यांची नावं घेऊन लिहिलं आहे.

चर्चच्या शाळेत, संस्थेत नोकरी केली तर हे प्रश्न येणार नाहीत ना?

येतील, आणि जास्त दुखतील, कारण खोटी पावती फाडणारा माणूस मीटिंगची सुरुवात प्रार्थनेने करतो. मी अशा एका संस्थेचे हिशेब विनामूल्य तपासायला गेले होते. दुसऱ्या बैठकीनंतर मला बोलावणं आलं नाही. विश्वस्त असाल तर दरवर्षीचं लेखापरीक्षण मंडळीसमोर वाचून दाखवा, सूचनाफलकावर लावा.

मी आधीच अडकलेला आहे. सह्या झाल्यात, पैसे घेतलेत. आता कुठून सुरू करू?

पुढची सही थांबवा, हे आजच. मग विश्वासाच्या एका माणसाला सांगा. मोठी रक्कम किंवा चालू चौकशी असेल तर वकिलाला आधी भेटा. ज्याचं नाव-गाव माहीत आहे त्याला त्याचे पैसे परत करा.

त्या दोन बिलांची रक्कम माझ्या खिशात आली नव्हती, सही मात्र माझी होती. अकरा वर्षांनी, भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या पैशांतले थोडे बाजूला ठेवून, मी दोन्ही बिलांची रक्कम चलनाने कोषागारात भरली. चलनात “कारण” असा रकाना असतो. तिथे काय लिहावं यावर मी बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी लिहिलं, “पूर्वी जादा अदा झालेली रक्कम.” खिडकीतल्या मुलाने चलन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “मॅडम, नोटीस आली होती का?” मी नाही म्हटलं. त्याने शिक्का मारला आणि माझी प्रत मला दिली.